दहावी ते बारावी: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्र राज्य मंडळात शिकणाऱ्या मुलांचे पालक सतत विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सीबीएसई किंवा इतर मंडळांच्या मुलांनाही यातलं बरंच लागू पडतं, फक्त परीक्षेची वेळ आणि गुणांची विभागणी वेगळी असते. तारखा आणि शुल्क दरवर्षी बदलू शकतं. त्यामुळे अर्ज करण्याआधी त्या वर्षीची अधिकृत सूचना वाचाच.

1. मूल आता मोठं झालं. अकरावी-बारावीत आम्ही नेमकं करायचं तरी काय?

कामं दोन भागांत वाटून घ्या. तारखा, अर्ज, दाखले, फी, प्रवास, जेवण आणि घरातली शांतता हे पालकांचं काम. कुठला धडा आधी घ्यायचा, कसा आणि किती वेळ वाचायचा हे मुलाचं. बहुतेक घरांत याची अदलाबदल झालेली दिसते. रोज रात्री "किती धडे झाले?" अशी चौकशी होते, आणि जात वैधतेचा अर्ज मात्र "कॉलेज सांगेल तेव्हा बघू" म्हणून पडून राहतो. धडा राहिला तर पुढच्या आठवड्यात भरून काढता येतो. दाखला राहिला तर हातातली जागा जाते. म्हणून या पानावर अभ्यासाच्या युक्त्यांपेक्षा कागद, नियम आणि वेळापत्रक यांवर जास्त लिहिलं आहे.

2. दहावीत खूप कष्ट झाले. अकरावीचं वर्ष जरा हलकं घेतलं तर चालेल ना?

महिनाभर विश्रांती जरूर घेऊ द्या, पण वर्ष सोडू नका. बारावीच्या बोर्डात अकरावीचे गुण धरत नाहीत, त्यामुळे हा समज पसरला आहे. प्रवेश परीक्षांचा हिशेब मात्र वेगळा आहे. एमएचटी-सीईटीत (राज्याची प्रवेश परीक्षा) साधारण 20 टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात आणि 80 टक्के बारावीच्या. जेईई (अभियांत्रिकीची देशपातळीवरची परीक्षा) आणि नीट (वैद्यकीयची) या दोन्हींत दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम येतो. शिवाय बारावीचं भौतिकशास्त्र आणि गणित अकरावीच्या पायावरच उभं असतं.

खरी अडचण पहिल्या सहामाहीत येते. दहावीला 90 टक्के मिळवलेल्या मुलाला अकरावीच्या पहिल्या चाचणीत 25 पैकी 9 गुण मिळतात आणि ते घरी सांगत नाही. हे फार मुलांच्या बाबतीत घडतं आणि त्याचं कारण आळस नसतं. दहावीपेक्षा एका धड्यात कितीतरी जास्त मजकूर असतो आणि पाठ करून भागत नाही. मराठी माध्यमातून विज्ञान शाखेत गेलेल्या मुलांना इंग्रजी संज्ञांशी झुंजावं लागतं. त्यांना पहिले तीन महिने संज्ञांची वेगळी वही ठेवू द्या. एका बाजूला दहावीत शिकलेला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. एवढ्याने वाचनाचा वेग वाढतो. त्या तीन महिन्यांत गुणांवरून बोलणी तर अजिबात नकोत.

3. शाखा आणि विषय निवडताना आमचं मत किती चालवायचं?

मत सांगा, निर्णय मुलाचा राहू द्या. पण प्रत्येक निवडीने कुठली दारं बंद होतात हे त्याला नक्की माहीत हवं, आणि ती माहिती काढणं तुमचं काम आहे. गणित सोडून फक्त जीवशास्त्र घेतलं तर पुढे अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा मिळत नाहीत. जीवशास्त्र सोडलं तर नीटचा रस्ता अवघड होतो. दोन्ही ठेवले तर अभ्यास वाढतो आणि "नंतर बघू" म्हणून ठेवलेला विषय बारावीत नकोसा होतो. मुलाचा कल खरोखर स्पष्ट नसेल तरच दोन्ही ठेवावेत. घाबरून ठेवू नयेत.

बायफोकल विषय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा 200 गुणांचा व्यावसायिक विषय, घेतला तर दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो. भाषेची भीती असलेल्या, पण हाताने काम करायला आवडणाऱ्या मुलांना तो चांगला मानवतो. मात्र तो सगळ्या कॉलेजांत नसतो आणि जागाही मोजक्या असतात.

4. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पसंतीक्रम कसा भरायचा?

2025-26 पासून ही प्रक्रिया संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाली आहे. त्याआधी ती मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर आणि अमरावती या भागांपुरती होती. अर्जाच्या भाग 1 मध्ये वैयक्तिक माहिती आणि दाखले असतात, तर भाग 2 मध्ये कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजांची पसंती.

सगळ्यात जास्त पालक फसतात ते पहिल्या पसंतीच्या नियमात. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाकारला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. म्हणून मित्राने लिहिलं, शेजारच्यांनी सुचवलं, अशा कारणाने पहिला क्रमांक भरू नका. मागच्या वर्षीचे कट-ऑफ बघा आणि दोन-तीन कॉलेजं आवाक्याच्या थोडी वर, चार-पाच आवाक्यातली आणि उरलेली खात्रीची असा क्रम लावा. घरापासूनचं अंतर हा गुणांइतकाच मोठा निकष आहे. रोज येण्याजाण्यात तीन तास गेले तर बारावीच्या वर्षात त्याची भरपाई कशानेच होत नाही.

संस्थेच्या स्वतःच्या शाळेतून आलेल्या मुलांसाठी 10 टक्के इनहाउस कोटा, 5 टक्के व्यवस्थापन कोटा आणि अल्पसंख्याक संस्थांतला कोटा हे स्वतंत्र मार्ग आहेत. यापैकी कोट्यातून प्रवेश नक्की केला की नियमित फेऱ्यांतला हक्क संपतो.

5. क्लासवाले म्हणतात, कॉलेजला जायची गरज नाही, "इंटिग्रेटेड" आहे. हे ठीक आहे का?

पट एका कनिष्ठ महाविद्यालयाचा आणि शिकवणी क्लासमध्ये, अशी ही व्यवस्था असते. त्यात दोन गोष्टी हातातून जातात. पहिली हजेरी. बोर्डाच्या परीक्षेला बसण्यासाठी 75 टक्के उपस्थितीची अट आहे आणि तपासणी झाली तर अडचण मुलाची होते, क्लासची नाही. दुसरी प्रयोगशाळा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रात प्रत्येकी 70 गुण लेखी आणि 30 प्रात्यक्षिकाचे असतात. गणिताला 80 आणि 20, दोन्ही भाषांना 80 आणि 20. म्हणजे हे सहा विषय घेतलेल्या मुलाचे 600 पैकी 150 गुण लेखी परीक्षेबाहेर ठरतात. ज्या मुलाने वर्षभर ब्युरेट हातात घेतली नाही, त्याला जानेवारीच्या शेवटी जर्नल उतरवून काढावं लागतं आणि तोंडी परीक्षेत ते लगेच कळतं.

प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. प्रयोग कुठे आणि आठवड्यातून किती वेळा होतात? जर्नल कोण तपासतं? हजेरी कोणाच्या वहीत लागते? उत्तर टाळलं गेलं तर तेच उत्तर समजा.

6. क्लास लावायलाच हवा का? फी एकदम भरावी का?

प्रत्येकाला गरज नसते. वाणिज्य आणि कला शाखेत कॉलेजचे तास नीट होत असतील तर एखाद्या विषयापुरती शिकवणी पुरते. जेईई-नीटसाठी बहुतेक मुलांना सराव चाचण्यांची शिस्त लागते, आणि ती नुसत्या टेस्ट सीरिजमधूनही मिळू शकते.

दोन वर्षांची फी एकरकमी भरू नका, सवलत दिली तरी. जानेवारी 2024 मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या कोचिंगसंबंधीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मुलाने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत मिळायला हवी. याच सूचनांनुसार 16 वर्षांखालील मुलांना प्रवेश द्यायचा नाही. पावती, परताव्याची अट आणि बॅच बदलण्याचा नियम कागदावर घ्या. मुलाला तीन-चार तास बसवून बघितल्याशिवाय पैसे भरू नका.

7. आम्हाला त्यांचे विषय कळत नाहीत. मग लक्ष कसं ठेवणार?

विषय कळायची गरजच नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, वीस मिनिटं बसा आणि तपासून आलेला पेपर समोर ठेवा. गेलेल्या प्रत्येक गुणाला मुलानेच तीनपैकी एक खूण करायची: येतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, किंवा वेळ पुरला नाही. बस, एवढंच.

या तीन खुणांचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला केला की कष्ट वाया जातात. "येत नव्हतं" जास्त असेल तर शिक्षकांकडे जाऊन तो धडा पुन्हा समजून घ्यायचा. "चुकलं" जास्त असेल तर नवीन वाचन थांबवून त्याच प्रकारची वीस-पंचवीस गणितं सोडवायची, एकक आणि चिन्ह तपासायची सवय लावायची. "वेळ पुरला नाही" असेल तर रविवारी सकाळी अकरा ते दोन घड्याळ लावून पूर्ण पेपर लिहायचा. शेवटच्या प्रकारात पालक थेट मदत करू शकतात. त्या तीन तासांत पाहुणे नाहीत, टीव्ही नाही, फोन बाहेर. तुम्ही फक्त प्रश्नपत्रिका द्यायची आणि उत्तरपत्रिका घ्यायची. शाळेत न गेलेल्या आईलाही हे जमतं, आणि मुलं ते मनापासून मानतात.

पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. बोर्डाच्या लेखी परीक्षेत पाठ्यपुस्तकाबाहेरचं फारसं येत नाही, तरी सराव करताना मुलं पुस्तक सोडून गाइडच वाचत बसतात. पुस्तकातला स्वाध्याय पूर्ण सोडवलाय का, हे वही उघडून कोणालाही दिसतं.

8. मोबाइल काढून घ्यावा का?

पूर्ण काढून घेता येत नाही. क्लासच्या सूचना, नोट्स आणि अर्जाचे ओटीपी त्यावरच येतात. जागा आणि वेळ मात्र ठरवता येते. रात्री दहानंतर सगळ्यांचे फोन, आईबाबांचेही, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. गजर हवा असेल तर साधं घड्याळ आणा. आठवडाभर लागतील त्या नोट्सच्या प्रिंट काढून द्या, म्हणजे "फोनशिवाय अभ्यास कसा करू?" हा खरा प्रश्न सुटतो. हा नियम अकरावीच्या जूनमध्ये लावा. बारावीच्या जानेवारीत अचानक लावला तर परीक्षेच्या तोंडावर घरात भांडणच होतं. मुलाचे मेसेज लपून वाचू नका. सापडलं काहीच नाही तरी विश्वास जातो.

9. रात्री दोनपर्यंत जागून अभ्यास करतो. थांबवावं का?

हो. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. वाचलेलं पक्कं होण्याचं काम झोपेतच घडतं, म्हणून सलग जागून केलेला अभ्यास चार दिवसांत उतरतो. रोज किमान आठ तास झोप मिळेल असं झोपायचं आणि उठायचं वेळापत्रक ठरवा. रविवारीही त्यात तासाभरापेक्षा जास्त फरक नको. बोर्डाचा पेपर अकराला असतो, त्यामुळे शेवटच्या तीन आठवड्यांत मेंदू सकाळी अकराला तरतरीत असायला हवा. "पहाटे उठलंच पाहिजे" हा आग्रह सोडा. ज्याला पहाटे जमतं त्याने करावं, पण रात्री बाराला झोपलेल्या मुलाला चारला उठवणं हे नुकसानच आहे.

10. कुठले दाखले लागतात आणि कधी काढायचे?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ द्या. निकालानंतर सेतू केंद्रांबाहेर रांगा लागतात आणि सर्व्हर बसतो.

सगळ्यांसाठी: वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र, आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि फी सवलतीसाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. अधिवास एकदा काढला की पुन्हा लागत नाही, म्हणून तो अकरावीतच काढून टाका. पंधराव्या वर्षी आधारचे बोटांचे ठसे आणि फोटो नव्याने द्यावे लागतात. 15 ते 17 या वयात ते मोफत आहे. ते न केल्यामुळे परीक्षा केंद्रावर किंवा अर्जात पडताळणी अडते.

राखीव प्रवर्गासाठी: जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमी लेयर. नॉन-क्रिमी लेयर 31 मार्चला संपणाऱ्या मुदतीनेच मिळतं. प्रवेशाच्या वेळी ते पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत वैध असावं लागतं, म्हणून मागच्या वर्षीचं चालेल असं गृहीत धरू नका. मुदत संपलेली असेल तर एप्रिलमध्येच नवीन अर्ज करा.

जात वैधता सगळ्यात वेळखाऊ. अकरावी विज्ञानात असतानाच कॉलेजचं पत्र घेऊन जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे अर्ज करा. पुरावा मानीव दिनांकाआधीचा (प्रवर्गानुसार ठरवून दिलेल्या तारखेआधीचा) असावा लागतो: अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, जन्म-मृत्यू नोंदीचा जुना गाव नमुना किंवा महसुली नोंद शोधायला गावी जावं लागतं, आणि ते दिवाळीच्या सुट्टीत जमतं. वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाची वैधता असेल तर वंशावळीसोबत जोडा, काम बरंच हलकं होतं. अर्ज फेटाळला जाण्याआधी त्रुटीपत्र येतं. ते ज्या मोबाइलवर आणि ईमेलवर येणार तो तुमचाच असायला हवा.

यावरून एक आग्रहाची सूचना: कुठलाही अर्ज सायबर कॅफेत भरताना ईमेल आणि मोबाइल त्यांचा देऊ नका. पासवर्ड एका वहीत लिहा आणि ती वही घरात एकाच जागी ठेवा.

11. राज्याचा ओबीसी दाखला नीट-जेईईला चालतो का?

राज्याच्या नमुन्यातला चालत नाही. केंद्रीय जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी-एनसीएल (नॉन-क्रिमी लेयर) प्रमाणपत्र लागतं, आणि ते बहुधा त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतरचं मागतात. जात केंद्राच्या यादीत आहे का, हे आधी तपासा. राज्याच्या यादीत असलेल्या काही जाती केंद्राच्या यादीत नाहीत. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) हा प्रवर्ग राज्यापुरता आहे. केंद्रीय अर्जात त्यांना खुल्या प्रवर्गातून, किंवा निकष बसत असतील तर ईडब्ल्यूएसमधून (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) अर्ज करावा लागतो.

12. मुलीच्या व्यावसायिक शिक्षणाची फी माफ होते असं ऐकलं. खरं आहे?

हो. 2024-25 पासून कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर सवलत जाते. वसतिगृह आणि खानावळीचा खर्च यात येत नाही.

13. बोर्डाच्या फॉर्मवर आणि हॉल तिकिटावर काय तपासायचं?

फॉर्म कॉलेज भरतं, पण मंडळाकडून आलेली प्री-लिस्ट विद्यार्थ्याला दाखवून सही घ्यायची असते. ती सही घाईत करू देऊ नका. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषयांचे संकेतांक आणि माध्यम मोठ्याने वाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं स्पेलिंग, आधारवरचं आणि इथलं एक असायला हवं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये चूक असेल तर शाळा सोडण्याआधीच दुरुस्त करून घ्या. नंतर ते फार कठीण होतं.

हॉल तिकीट शाळा किंवा कॉलेज ऑनलाइन काढून, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यासह देतं. त्यासाठी वेगळे पैसे घ्यायचे नाहीत असं मंडळाचं सांगणं आहे. हरवलं तर दुसरी प्रत मिळते. फी थकली म्हणून अडवलं तर लेखी कारण मागा, आणि शाळेसाठी शिक्षणाधिकारी, कनिष्ठ महाविद्यालयासाठी विभागीय शिक्षण उपसंचालक यांच्याकडे त्याच दिवशी जा.

14. पेपरच्या दिवशी आम्ही काय करावं?

सकाळच्या सत्राचा पेपर अकराला, पण वर्गात साडेदहाला हजर राहायचं. दुपारचा तीनला, तेव्हा अडीचला. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचायला दिली जायची ती दहा मिनिटं आता शेवटी वाढवून मिळतात, त्यामुळे तीन तासांचा पेपर दोन वाजून दहा मिनिटांनी सुटतो. आदल्या दिवशी केंद्र एकदा बघून या. एकाच नावाच्या दोन शाळा असणं आणि पोटकेंद्र वेगळ्या इमारतीत असणं ही उशिराची नेहमीची कारणं.

पेपर सुटल्यावर उत्तरं ताळून बघू नका. जेवण, तासभर झोप, मग पुढचा विषय. केंद्राबाहेर घोळका करून थांबूही नका. कॉपीमुक्त अभियानामुळे बंदोबस्त असतो आणि आतल्या मुलांना बाहेरच्या गर्दीचा त्रासच होतो.

नीटला मात्र नियम कडक आहेत. दुपारी दोनच्या पेपरचं गेट दीडला बंद होतं, ते कोणासाठीही उघडत नाही.

15. डिस्लेक्सिया किंवा अपंगत्व असेल तर सवलत कशी मिळते?

दर तासाला वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक आणि विषयात काही सूट अशा सवलती आहेत. अर्ज शाळा किंवा कॉलेजमार्फत विभागीय मंडळाकडे जातो आणि सोबत सक्षम वैद्यकीय प्राधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा लागतो. प्रक्रियेला वेळ लागतो म्हणून नववीत किंवा अकरावीतच सुरुवात करा. "लोक काय म्हणतील" म्हणून हे लपवलं जातं आणि मुलाचं वर्ष जातं. सवलत मिळवणं हा त्याचा हक्क आहे. लेखनिकासोबत निदान पाच पूर्ण पेपर घरी सोडवून घ्या. सांगून लिहवून घेणं हे वेगळंच कौशल्य आहे.

16. प्रॅक्टिकलच्या दिवशीच मुलगी आजारी पडली. आता?

त्याच दिवशी कॉलेजला कळवा आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र द्या. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा चुकलेल्यांसाठी मंडळ "आउट ऑफ टर्न" परीक्षा ठेवतं. कॉलेजने नाव पाठवलं तरच ती मिळते. लेखी पेपर चुकला तर मात्र पुरवणी परीक्षाच (प्रश्न 18).

17. नीटसाठी मुलाला राज्याबाहेर पाठवून तिकडूनच बारावी केली तर?

हा निर्णय करण्याआधी दहा वेळा विचार करा. महाराष्ट्रातल्या राज्य कोट्याच्या एमबीबीएस जागेसाठी सर्वसाधारण नियम असा की दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी आणि अधिवास इथला हवा. राजस्थानातल्या एखाद्या शाळेत नावापुरतं बारावीला नाव घातलं की राज्यातल्या 85 टक्के जागांवरचा दावा जातो, गुण कितीही असोत. शिकायला बाहेर जायचंच असेल तर बारावीचा पट महाराष्ट्रात राहील अशीच व्यवस्था हवी, आणि तिथेही प्रश्न 5 मधली हजेरीची अडचण आहेच. म्हणूनच अनेक कुटुंबं लातूर किंवा नांदेडला पाठवणं पसंत करतात.

अभियांत्रिकीत नियम थोडा सैल आहे. आई किंवा वडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास असेल तर बाहेरून शिकलेल्यांनाही मार्ग मिळतो. कर्नाटकातल्या वादग्रस्त सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मुलांसाठी वेगळी पात्रता आहे, त्यामुळे बेळगाव, निपाणी भागातल्या पालकांनी "आपण बाहेरचे" असं समजून अर्ज सोडू नये. मुलगा वसतिगृहात असेल तर रोज फोन करण्यापेक्षा दर पंधरवड्याला एकदा जाऊन, खोली बघून, बरोबर जेवून या. फोनवर सगळे "बरंय" म्हणतात.

18. निकाल अपेक्षेपेक्षा खूप कमी आला, किंवा नापास. कुठल्या वाटा आहेत?

गुण चुकल्याची शंका असेल तर ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन अर्ज करा. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेले प्रश्न बघतात. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत पुढचा अर्ज करावा लागतो. छायाप्रत विषय शिक्षकांना दाखवल्याशिवाय पैसे घालू नका. गुण कमीही होऊ शकतात.

नापास असेल तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. 2025 मध्ये बारावीचा निकाल 5 मे रोजी लागला आणि पुरवणीचा जुलैअखेरीस, त्यामुळे वर्ष वाचण्याची संधी राहते. दहावीत एक किंवा दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर (राहिलेले विषय नंतर सोडवण्याच्या मुभेवर) अकरावीला प्रवेश मिळतो. पास झालेल्यांना गुण वाढवायचे असतील तर श्रेणीसुधार योजना आहे, पण ती लगतच्या ठरावीक परीक्षांपुरतीच. शाळा सुटली असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येतं.

टक्के कमी म्हणून खचण्याआधी पात्रतेची रेघ बघा. सीईटीतून अभियांत्रिकीला खुल्या गटात संबंधित विषयांत 45 टक्के, राखीव गटात 40 पुरतात. नीटला खुल्या गटात 50, राखीव गटात 40 टक्के लागतात. 75 टक्क्यांची अट एनआयटी-आयआयटी प्रवेशासाठी आहे. तिथेही अनुसूचित जाती-जमातींसाठी ती 65 आहे, आणि आपल्या मंडळातल्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असणं हा पर्याय आहे.

19. एक वर्ष ड्रॉप घ्यायचा म्हणतो. घेऊ द्यावा का?

नियम आधी. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते, जेईई मेन बारावीपासून सलग तीन वर्षं. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही. सीईटीचे गुण त्याच वर्षापुरते.

मग प्रश्न 7 मधल्या खुणा बघा. "चुकलं" आणि "वेळ पुरला नाही" यांचा वाटा मोठा असेल तर एका वर्षात फरक पडतो. निम्म्याहून जास्त "येत नव्हतं" असेल तर फक्त बारावी पुन्हा वाचून भागणार नाही, अकरावीही नव्याने करावी लागेल, आणि ते कोण, कुठे शिकवणार हे आधी ठरवा. दुसरी जागा हातात असेल तर शक्यतो ती सोडून ड्रॉप नको.

20. मूल एकदम गप्प झालंय. हा अभ्यासाचा ताण की आणखी काही?

परीक्षेआधीची बेचैनी पेपर संपला की उतरते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप किंवा भूक बदललेली, आवडीच्या गोष्टी सोडलेल्या, मित्रांना टाळणं, "माझ्यामुळे तुमचे पैसे वाया गेले" किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" अशी वाक्यं, यांपैकी काही दिसलं तर वाट बघू नका. सरळ विचारा: "जीव नकोसा वाटतो का?" असं विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही. मुलाला बोलायला जागा मिळते. उत्तर "हो" असेल तर त्याला एकटं ठेवू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात टाका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा रुग्णालयात न्या.

टेली-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. 18 वर्षांखालच्या मुलांसाठी 1098 आहे. परीक्षेच्या काळात मंडळही समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करतं. निकालाच्या आदल्या रात्रीपासून पुढचे तीन दिवस घरात कोणीतरी मोठं माणूस मुलासोबत असेल असं नियोजन करा. नातेवाइकांचे "किती टक्के?" असे फोन त्या दिवशी तुम्ही घ्या, मुलाच्या हातात देऊ नका.